साक्षांकन नमुना भरायचाय, २०१९ चा बांधाचा गुन्हा लिहू का नको?

बांधावरचा

नमस्कार मंडळी. मी अंबाजोगाई तालुक्यातला. केंद्रीय दलाच्या शिपाई भरतीत निवड झालीय. ग्राउंड, पेपर, मेडिकल सगळं पार पडलं. आता साक्षांकन नमुना (नेमणुकीआधी स्वतःची माहिती लिहून द्यायचा फॉर्म) हातात आलाय आणि आठ दिवसांत भरून द्यायचाय. त्यातल्या एका रकान्यावर गाडी अडकलीय.

२०१९ ला पेरणीच्या तोंडावर चुलत्यासोबत बांधावरून भांडण झालं. त्यांनी नांगर आमच्या बाजूला दोन हात आत घातला, वडील बोलले, बोलण्यावरून काठ्या निघाल्या. चुलत्याच्या डोक्याला चार टाके पडले. फिर्यादीत वडील, थोरला भाऊ आणि मी, तिघांची नावं आली. कलम ३२४, ३२३, ५०४, ५०६, ३४. मी तेव्हा १९ वर्षांचा होतो. खरं सांगतो, काठी माझ्या हातात नव्हती, पण मी चुलत्याचा हात धरला होता. त्या दिवशी आम्हाला ठाण्यात नेलं, रात्री जामिनावर सोडलं. पुढं दोषारोपपत्र गेलं. गावातल्या लोकांनी मिटवलं, साक्षीदार फितूर झाले आणि २०२२ ला आम्ही निर्दोष सुटलो. आज त्याच चुलत्याच्या विहिरीचं पाणी आमच्या उसाला येतं.

आता फॉर्म विचारतोय: तुम्हाला कधी अटक झाली होती का? तुमच्यावर कधी खटला चालला होता का?

अकॅडमीतले सर म्हणायलेत, सुटलास ना, मग "नाही" लिही. मित्र म्हणतो, फिर्यादीत तुझं घरचं नाव "बाळू" लिहिलंय आणि वय २२ टाकलंय, दहावीच्या सनदीवर नाव वेगळं, कॉम्प्युटरला सापडणारच नाही. आणि वडील रात्री जेवता जेवता उठले. म्हणाले, "लेकरा, तू हे लिहिलंस आन् नोकरी गेली तर ती माझ्या बांधापायी गेली. मला ते जन्मभर बघावं लागंल."

माझं मन लिही म्हणतंय. पण घरातलं पहिलंच सरकारी ताट समोर आलंय आणि माझ्याच हातानं लोटायचं का, हे कळेना झालंय. ज्यांना अनुभव आहे त्यांनी सांगा.

परभणी_ग्राउंड

भाऊ, नको लिहू. कोर्टानं निर्दोष सोडलंय म्हणजे गुन्हा झालाच नाही. जे झालंच नाही ते कशाला लिहायचं? कोण येतंय तुझ्या गावात तपासायला.

निवृत्त_जमादार

येतात. मी यायचो.

३१ वर्षं नोकरी केली, त्यातली सहा वर्षं ठाण्यात गोपनीयचं काम बघितलं. चारित्र्य पडताळणीचा कागद आला की काय होतं ते सांगतो, म्हणजे "कोण येतंय" याचं उत्तर मिळंल.

कागद जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षक कार्यालयातून ठाण्याला येतो. आम्ही आधी गुन्हे रजिस्टर काढायचो, आता सीसीटीएनएसवर, म्हणजे पोलिसांच्या गुन्हे नोंदीच्या कॉम्प्युटरवर, नाव टाकतात. नाव जुळलं नाही तरी काम तिथं थांबत नाही. गावाच्या नावानं, बापाच्या नावानं, आडनावानं बघतात. मग बीट अंमलदार गावात जातो. पोलीस पाटलाला विचारतो, दोन शेजाऱ्यांचे जबाब घेतो. "बाळू" कोण हे रजिस्टरला माहीत नसंल, पण पोलीस पाटलाला माहीत आहे, किराणा दुकानदाराला माहीत आहे, शाळेच्या शिपायाला माहीत आहे. तुझ्या भांडणाच्या दिवशी पंच म्हणून सही करणारे दोघं त्याच गावात राहतात.

आणि बाळा, गावात एक तरी माणूस असतो ज्याच्या पोराचं दोन मार्कांनी गेलेलं असतं. तो निनावी अर्ज करतो. माझ्या सहा वर्षांत सापडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त अशाच अर्जावरून सापडले. तो अर्ज पडताळणीच्या वेळी येईल किंवा तू ट्रेनिंगला असताना येईल, किंवा पाच वर्षांनी प्रमोशनच्या वेळी. तारीख तो माणूस ठरवतो.

खंडपीठ_वकील

मी औरंगाबाद खंडपीठात सेवाविषयक प्रकरणं चालवतो. यातली गल्लत समजून घेतली तर निर्णय सोपा होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

परभणीच्या मित्राचं म्हणणं ऐकायला बरोबर वाटतं. पण फॉर्म काय विचारतोय ते शब्दाला शब्द लावून वाचा. "तुम्ही गुन्हेगार आहात का" असं तो विचारत नाही. कधी अटक झाली का, कधी खटला चालला का, कधी स्थानबद्ध केलं का, कधी बंधपत्र घेतलं का, कधी कोर्टानं दंड केला का, कधी शिक्षा झाली का, परीक्षेला बसायला कधी बंदी घातली का, सध्या काही प्रलंबित आहे का, असे वेगवेगळे प्रश्न आहेत. निर्दोष सुटलेल्या माणसाचं "शिक्षा झाली का" याला उत्तर "नाही" हेच खरं. पण "खटला चालला का" याला "होय" हेच खरं. निर्दोष सुटका ही खटल्याचा शेवट आहे. शेवट आहे म्हणजे सुरुवात होती.

त्याच नमुन्याच्या अगदी वर इशारा छापलेला असतो. खोटी माहिती देणं किंवा खरी माहिती दडवणं ही अपात्रता ठरेल, असं त्यात आहे. फॉर्म दिल्यानंतर काही घडलं तर तेही लगेच कळवायचं, नाहीतर दडवलं असं धरतील, हेही तिथंच लिहिलेलं असतं. लोक तो मजकूर न वाचता खाली सही करतात.

आता कायदा. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठापुढं आधीचे उलटसुलट निकाल एकत्र तपासले. २००३ च्या एका निकालात दडवलं म्हणून नोकरी गेलेली होती, २०११ च्या दुसऱ्यात तरुण वयातली चूक म्हणून सांभाळून घेतलं होतं. २०१६ च्या निकालाचा गाभा असा: माहिती खरी हवी, फॉर्ममधला प्रश्न नेमका हवा, मोघम प्रश्नावरून उमेदवाराला पकडता येत नाही, आणि उमेदवाराला ती गोष्ट माहीत होती हे दिसलं पाहिजे. किरकोळ प्रकरण असेल तर, अगदी तरुण वयात घोषणा दिल्याचा गुन्हा असं उदाहरणच निकालात आहे, दडवलेलं असूनही विभाग दुर्लक्ष करू शकतो. "करू शकतो" हे शब्द नीट वाचा. ते विभागाच्या मर्जीवर आहे.

दुसरी बाजूही लपवत नाही. खरं लिहिलं तरी नेमणूक द्यायलाच पाहिजे असं बंधन सरकारवर नाही, हेही त्याच निकालात आहे. निवृत्त जमादार काकांचं ऐकून "लिहिलं की झालं" असं कुणी समजू नये. केंद्रीय दलांसाठी गृह मंत्रालयाची १ फेब्रुवारी २०१२ ची मार्गदर्शक सूत्रंही आहेत. गंभीर आरोपातून संशयाचा फायदा मिळून किंवा साक्षीदार फितूर होऊन सुटलेल्यांचा विचार त्यात कडक आहे. म्हणून तुमचं निकालपत्र आधी काढा. त्यातले शेवटचे दोन परिच्छेद काय म्हणतात त्यावर बरंच अवलंबून आहे.

उदगीर_०७

वकील साहेबांनी कायदा सांगितला. मी माझ्या अंगावर आलेलं सांगतो.

मी जत्रेत पत्ते खेळताना सापडलो होतो. जुगार कायद्याचं कलम १२ अ. ठाण्यातला माणूस म्हणाला, कोर्टात कबूल कर, दंड भर, दहा मिनिटांत मोकळा. ३०० रुपये भरले, पावती घेतली, घरी आलो. माझ्या लेखी ते चलन भरल्यासारखं होतं. कबुली देऊन दंड भरणं म्हणजेच दोषसिद्धी, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

तीन वर्षांनी निवड झाली. फॉर्ममध्ये "दंड झाला का", "शिक्षा झाली का", दोन्हीपुढं "नाही" लिहिलं. खोटं बोलायचं म्हणून लिहिलं नाही असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. पण पेन त्या रकान्यावर थांबला होता, हे मला आठवतं.

ट्रेनिंगचा चौथा महिना होता. सकाळची परेड झाली आणि ऑफिसात बोलावणं आलं. पत्र दिलं. पत्राला माझ्याच फॉर्मच्या पानाची झेरॉक्स जोडली होती. माझं निळ्या पेनाचं "नाही" काळं झालं होतं आणि त्याच्याखाली कुणीतरी लाल पेनानं रेघ मारली होती. सोबत कोर्टाच्या दंडाच्या नोंदीची नक्कल. तिसरा कागद नव्हता. साहेब चांगले होते, ते एवढंच म्हणाले, "तीनशे रुपयाचं लिहिलं असतं तर मी स्वतः वरती शिफारस केली असती." त्यांनी केली असती का नाही, मला माहीत नाही. पण त्यांना तशी संधी मी ठेवली नव्हती.

आता उदगीरला मोबाईलचं दुकान आहे. पोट भरतंय. ती झेरॉक्स अजून कपाटात आहे.

परभणी_ग्राउंड

उदगीर भाऊ, वाचून गप्प झालो. वर जे लिहिलं ते माघारी घेतो. आम्ही ग्राउंडवर पोरं एकमेकांना हेच सांगतो, आणि सांगणाऱ्यापैकी कुणी फॉर्म नीट वाचलेला नसतो.

जालनेकर

माझ्या भावाचं विचारायचं होतं. २०२३ च्या सप्टेंबरात अंतरवाली सराटीच्या लाठीमारानंतर सगळीकडे रास्ता रोको झाले, त्यात त्याच्यावर गुन्हा दाखल आहे. आंदोलनातले गुन्हे मागे घेणार असं सरकारनं सांगितलं होतं. मग ते गेलंच असं धरायचं का? आणि गावात दर निवडणुकीला १४९ ची नोटीस येते, ती पण लिहायची का?

खंडपीठ_वकील

जालनेकर, हा प्रश्न मराठवाड्यातल्या हजारो घरांचा आहे, बरं झालं विचारलंत.

सरकारनं गुन्हा मागे घ्यायचं ठरवलं तरी दोषारोपपत्र कोर्टात गेलेलं असेल तर सरकारी वकिलाला अर्ज करावा लागतो आणि कोर्टाची संमती लागते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३२१ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६०. कोर्टाचा आदेश हातात येईपर्यंत खटला प्रलंबितच. पेपरातलं कात्रण हा आदेश नव्हे. ई-कोर्ट्सवर जिल्हा आणि तालुका निवडून नावानं शोधा, स्थिती दिसते. कोर्टात गेलेलंच नसेल तर ठाण्यात विचारा की समरी, म्हणजे तपास बंद करायचा अहवाल, पाठवली का आणि कोर्टानं ती मंजूर केली का. "ब" समरी म्हणजे फिर्याद खोटी, "क" समरी म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाचं. जी असेल ती तशीच लिहायची. लॉकडाऊनमधल्या १८८ च्या (सरकारी आदेश मोडल्याच्या) गुन्ह्यांनाही हेच लागू.

नोटिशीचं: १४९ ची (आता १६८ ची) नोटीस ही नुसती ताकीद आहे, त्यात बंधपत्र नसतं. १०७ ची चॅप्टर केस (आता कलम १२६) होऊन तहसीलदारांसमोर शांतता राखण्याचं बंधपत्र दिलं असेल तर "बंधपत्र घेतलं का" याला होय. म्हणजे कागद बघूनच ठरवायचं. विचारलेलं नाही ते घाबरून लिहू नका आणि विचारलेलं सोडू नका. काही पोरं भीतीपोटी हेल्मेटचं ई-चलनही "दंड" म्हणून लिहितात. प्रश्न कोर्टानं केलेल्या दंडाचा आहे.

आणि कुणी त्या वेळी १८ च्या आत असेल तर बाल न्याय कायदा २०१५ चं कलम २४ आणि ७४ वाचून घ्या. त्या वयातल्या प्रकरणामुळं सहसा अपात्रता येत नाही, आणि निकाली निघालेली नोंद चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनी उघड करायची नाही असा कायदा आहे. असा उमेदवार असेल तर फॉर्म भरायच्या आधी वकिलाला भेटा.

नांदेडची_ताई

गुन्ह्याचं सगळे बोलायलेत, मी पत्त्याचं सांगते. माझं आणि माझ्या मैत्रिणीचं, दोघींचंही त्यातच अडकलं होतं.

मागच्या पाच वर्षांत जिथं जिथं एक वर्षापेक्षा जास्त राहिलात ते सगळे पत्ते मागतात. मी फक्त माहेरचा पत्ता लिहिणार होते. पण मी दोन वर्षं पुण्यात खोली घेऊन अभ्यास केला होता. खोली कुणाच्या नावावर, भाडेकरार नाही, घरमालक आता फोन उचलत नाही. मन म्हणत होतं, कशाला लचांड. तरी लिहिलं. तिथल्या ठाण्यात पडताळणी गेली, महिना जास्त लागला, पण झाली. मैत्रिणीनं सोडलं, तर तिला मधल्या दोन वर्षांचा हिशेब लेखी द्यायला बोलावलं. दोन वर्षं कुठं होतीस, हा प्रश्न एका बाईला कागदावर विचारला जातो तेव्हा कसं वाटतं ते तिलाच विचारा.

माझा भाऊ दुबईला सुतारकाम करतो. आई म्हणाली, परदेशाचं नाव काढू नको, संशय घेतील. भावाच्या रकान्यात सध्याचा पत्ता विचारलाय, मी दुबईचा लिहिला. कुणी काही विचारलं नाही. आपल्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्यांची लेकरंही हे विचारतात की सहा महिने कारखान्यावर असतो, काय लिहू. सलग वर्षाचा मुक्काम नसेल तर कायमचा पत्ता गावचाच, पण विचारलं तर तोंडी हेच सांगा जे घरी आहे.

सेलूचा_मास्तर

एक बाजू राहतेय. मी खरं लिहिलं होतं आणि मला नाकारलं. कॉलेजच्या गॅदरिंगमधली मारामारी, ३२५ लागलं होतं, निर्दोष सुटलो होतो, सगळं तारखेसहित लिहिलं. पत्र आलं, "योग्य आढळून आले नाहीत." कारण दोन ओळींचं. त्या रात्री मलाही वाटलं की "नाही" लिहिणारे शहाणे.

खंडपीठात याचिका केलीय, अजून चालू आहे. माझ्या वकिलांनी २०१८ चा एक निकाल लावलाय. महाराष्ट्रातल्याच एका उमेदवाराची दिवाणी न्यायाधीश म्हणून निवड झाली होती, त्यानं निर्दोष सुटलेला जुना खटला स्वतःहून लिहिला होता, त्याला नाकारलं आणि सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. न्यायाधीशाच्या पदासाठी! आणि त्यानं काही दडवलं नव्हतं. माझं काय होईल ते होईल. पण मी कोर्टात उभा राहतो तेव्हा समोरचा वकील माझ्या फॉर्मवर बोट ठेवू शकत नाही. तो गुन्ह्यावर बोलतो, आणि गुन्ह्यावर माझ्याकडं उत्तर आहे.

बांधावरचा

सगळ्यांचे आभार. तीन दिवसांनी येतोय.

अंबाजोगाईला कोर्टात नकलेचा अर्ज दिला. आर.सी.सी. नंबर (खटल्याचा नंबर) माहीत नव्हता, ई-कोर्ट्सवर माझ्या नावानं सापडेना, वडिलांच्या नावानं सापडला. म्हणजे "सापडणार नाही" म्हणणाऱ्या मित्राला मीच दहा मिनिटांत शोधून दाखवला. काल नक्कल मिळाली. नऊ पानं, प्रत्येक पानावर शिक्का. पहिल्यांदाच वाचली. इतकी वर्षं आम्ही "मिटलं" एवढंच म्हणायचो. शेवटच्या पानावर आहे की फिर्यादी आणि पंचांनी सरकार पक्षाला पाठिंबा दिला नाही, आरोप सिद्ध होत नाहीत, म्हणून निर्दोष. "संशयाचा फायदा" असा शब्द नाही. वकील साहेब, याचा काय अर्थ? आणि अटक झाली होती का, हे पण पक्कं नाही. रात्री सोडलं होतं.

खंडपीठ_वकील

साक्षीदार फितूर झाले हे स्पष्ट आहे, ते झाकायचा प्रयत्न करू नका. "सन्मानाने निर्दोष" असे शब्द स्वतःच्या मनानं जोडू नका, निकालात जे आहे तेच लिहा. अटकेचं: जामीनपत्र आहे का बघा. जामिनावर सोडलं म्हणजे आधी अटक दाखवली होती. नुसती ४१ अ ची (पोलिसांपुढं हजर राहायची) नोटीस देऊन सोडलं असतं तर अटक नव्हती.

निवृत्त_जमादार

आणि नावाचं विसरू नको. फिर्यादीत "बाळू" आणि वय २२ आहे, हे तूच फॉर्ममध्ये लिही. फरक तू सांगितलास तर तो फरक असतो, आम्ही शोधला तर ते लपवणं असतं.

बांधावरचा

जामीनपत्र सापडलं, वडिलांच्या पेटीत, सातबाऱ्याच्या खाली. म्हणजे अटक "होय".

आज फॉर्म दिला. रकान्यात जागा पुरली नाही म्हणून वेगळा कागद जोडला. त्यावर लिहिलेलं इथं देतोय, कुणाला उपयोग झाला तर:

"सन २०१९ मध्ये शेताच्या बांधाच्या वादातून माझे वडील, भाऊ व माझ्यावर भा.दं.वि. कलम ३२४, ३२३, ५०४, ५०६, ३४ प्रमाणे गुन्हा दाखल झाला. फिर्यादीत माझे नाव बाळू व वय २२ नमूद आहे, ती व्यक्ती मीच आहे, त्या वेळी माझे वय १९ होते. मला अटक होऊन त्याच दिवशी जामीन मिळाला. खटला चालून सन २०२२ मध्ये साक्षीदारांनी सरकार पक्षास पाठिंबा न दिल्याने माझी निर्दोष मुक्तता झाली. त्याविरुद्ध अपील झालेले नाही. निकालपत्राची प्रमाणित नक्कल जोडली आहे. याव्यतिरिक्त माझ्यावर कोणताही गुन्हा नाही."

गुन्हा नंबर, खटल्याचा नंबर, ठाणे, कोर्ट, तारखा टाकल्यात. इथं वगळल्या. भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स ठेवलीय.

काल रात्री कागद वडिलांना वाचून दाखवला. ते "साक्षीदारांनी पाठिंबा न दिल्याने" इथं थांबवून म्हणाले, परत वाच. मी परत वाचलं. मग ते उठून चुलत्याच्या घरी गेले. तासाभरानं आले. म्हणाले, पोलीस विचारायला आले तर चुलता सांगणार आहे की भांडण झालं होतं, पोरानं फक्त हात धरला होता.

निवृत्त_जमादार

चुलत्याला म्हणावं, जबाब वाचून मगच सही करा.